दोन रेघांमधला रिकामा रकाना

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी विषय देताना एक अट घातली: कॉम्प्युटर न कळणाऱ्यालाही कळलं पाहिजे. अट रास्त आहे. माझ्या घरातही माझं काम कुणाला नीट कळलेलं नाही. सासरे होते तोवर आल्यागेल्याला सांगायचे, सूनबाई टायपिंग करते. मी कधी दुरुस्ती केली नाही. समजावायला बसलं की स्वयंपाकाला उशीर व्हायचा.

नोकरी कधी लागली, कुठून कुठे गेले, ते सगळं गाळते. माझ्याकडे एक वही आहे. पहिल्या नोकरीपासून माझ्या हातून कामात झालेल्या प्रत्येक चुकीची तिच्यात नोंद आहे: चूक काय, कशामुळे, सापडली कशी, दुरुस्त कधी झाली. बहुतेक नोंदी दोन-दोन ओळींच्या आहेत. एकच नोंद साडेचार पानं चालली आहे. ती सांगायची आहे, पण त्याआधी काम काय होतं ते सांगावं लागेल.

शाळेचा हजेरीपट आठवा. उभ्या रेघा आखलेल्या असतात, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं ते डोळ्यांना दिसतं. कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये असा आखलेला कागद नसतो. एका माणसाची सगळी माहिती एका सलग ओळीत येते आणि एक रकाना संपला हे कळावं म्हणून मध्ये एखादी खूण टाकतात. कुणी स्वल्पविराम टाकतं, कुणी उभी रेघ. ती ओळ वाचायची, खुणेखुणेला तोडायची आणि प्रत्येक तुकडा त्याच्या खणात टाकायचा, असे प्रोग्राम मी सी नावाच्या भाषेत लिहायचे. खण बरोबर भरले की पत्र छापा, यादी छापा, पासबुकाचं पान छापा, पुढचं सगळं सोपं असतं. गडबड होते ती तोडण्यात.

तेव्हा छत्तीसगड वेगळं व्हायला दोन-तीन वर्षं होती. जबलपूरच्या ओमती भागात एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. मालक दुबेजी. चार मुली फॉर्म पाहून माहिती टाइप करायच्या, मी प्रोग्राम लिहायचे, आणि एक मोठा प्रिंटर दिवसभर करवतीसारखा आवाज करत कागद ओकायचा. खाली दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणायचा, वर आरा मशीन आहे.

सुरुवातीलाच आमच्याकडे समाजाच्या वधू-वर सूचीचं काम आलं होतं. मी खूण म्हणून स्वल्पविराम ठेवला. मुलींनी पत्ते टाइप केले तसे लोक लिहितात तसेच केले, म्हणजे घर नंबर, स्वल्पविराम, मोहल्ला, स्वल्पविराम, जबलपूर. प्रोग्रामला पत्त्यातला स्वल्पविराम आणि माझी खूण यांत फरक कळेना. त्याने प्रत्येक ठिकाणी तोडलं, आणि मोहल्ल्याचं नाव पुढच्या रकान्यात जाऊन बसलं. पुस्तिका छापून वाटली गेली आणि चौथ्या दिवशी एक निवृत्त मास्तर जिना चढून आले. त्यांनी माझ्यासमोर पान उघडलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “ताई, माझ्या पुतण्याची उंची राइट टाउन आहे. आता मुलीकडच्यांनी हो म्हणायचं का नाही?” सगळी पुस्तिका पुन्हा छापावी लागली. तेव्हापासून मी उभी रेघ वापरायला लागले, कारण पत्त्यात उभी रेघ कुणी लिहीत नाही.

खमरियाकडच्या एका शाळेचं कामही असंच फसलं होतं. ओळ तोडायला मी एक आयतं अवजार वापरायचे; ओळ तोडता तोडता मध्येच मी जन्मतारीखही त्याच अवजाराने तोडायला घेतली. त्या अवजाराला एका वेळी एकच ओळ लक्षात राहते. तारखेचे तुकडे करून झाले, तोवर ते मूळ ओळीत कुठपर्यंत आलं होतं हे विसरलं. यादीत प्रत्येक मुलाचं नाव आणि जन्मतारीख, पुढे कोरं. शाळेच्या मोठ्या बाई फोनवर म्हणाल्या, “बच्चे तो सब आ गए, माँ-बाप कहाँ छोड़ आईं आप?”

या चुका हसून सांगता येतात. ज्या अवजाराबद्दल मी बोलते आहे त्याचं नाव स्ट्रटॉक. ते सी भाषेत आयतंच मिळतं, लिहावं लागत नाही. त्याला ओळ द्या, खूण सांगा, ते एकेक तुकडा हातात देत जातं. मी ते तीन वर्षं रोज वापरलं आणि माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. त्या विश्वासाला कोणाचा टेकू होता, हे मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे मेश्राम काका होते. मूळचे भंडाऱ्याचे, एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. दुबेजींनी त्यांना फॉर्म तपासायला ठेवलं होतं. टाइप करण्याआधी प्रत्येक फॉर्म काकांच्या टेबलावरून जायचा. ते हिरव्या शाईने नंबर टाकायचे, आणि कुठे रिकामा रकाना दिसला तर त्यात न चुकता ‘निरंक’ लिहायचे. आपल्याकडच्या सरकारी कागदांची ही जुनी रीत आहे. काही नसेल तर काही नाही असं लिहायचं, कोरं सोडायचं नाही. काका त्याचं कारण सांगायचे, रिकामं ठेवलं का मागून कोणी काही भरून देते, मग चौकशी लागली का आपण फसतो.

मुली मग तो ‘निरंक’ जसाच्या तसा टाइप करायच्या. माझ्या नजरेला ते खुपायचं. मला कामातला एकही फालतू ठोका सहन होत नाही. हजारो फॉर्मांत हजारो वेळा एकच शब्द टाइप करायचा, कशासाठी? मी दुबेजींना हिशेब मांडून दाखवला, किती वेळ वाचेल. ते लगेच तयार झाले. काकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काहून काढून राहिल्या निरंक?” त्यांनी विचारलं. “कोणाले त्रास देऊन राहिला तो?”

तेव्हा मला दुसरं कारण सुचलं. म्हटलं, काका, पत्रावर छापून येतं, वडिलांचं नाव निरंक. कुणाच्या घरी असं पत्र जावं का? त्यांनी चष्मा परत चढवला आणि पुढचा फॉर्म ओढला. पुढे मी लोकांना नेहमी हेच दुसरं कारण सांगत आले. पण ते नंतर सुचलेलं आहे. आधी फक्त वेळ वाचवायचा होता.

नवी पद्धत सुरू झाल्यावर आलेलं पहिलंच मोठं काम म्हणजे वसतिगृह अधीक्षकांच्या भरतीची लेखी परीक्षा. एका कार्यालयाने अर्ज मागवले होते. अर्ज टाइप करायचे आणि प्रत्येक उमेदवाराला बोलावणं छापायचं, एवढं आमच्याकडे होतं. एका ओळीत सहा रकाने: क्रमांक, नाव, पिता किंवा पतीचं नाव, पत्ता, शहर आणि परीक्षाकेंद्राचा आकडा. आकड्यावरून प्रोग्राम केंद्राचं नाव शोधून पत्रावर छापायचा. केंद्रं राज्यभर होती, आणि राज्य तेव्हा मोठं होतं. जबलपूर, सागर, रायपूर, बिलासपूर.

माझी तपासणीची यादी बारा कलमांची होती. पहिल्या पन्नास ओळी छापून पाहिल्या, मधल्या पन्नास पाहिल्या, शेवटच्या पन्नास पाहिल्या. सगळं बरोबर. बाराही कलमांपुढे टिक केली आणि पत्रं टपालात गेली. बोलावणी ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी गेली म्हणून दुबेजींनी सगळ्यांना खोव्याची जलेबी खाऊ घातली.

परीक्षेनंतर चौथ्या दिवशी दुपारी शोभा डोंगरे आली. तिशी ओलांडलेली, काठाची सुती साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत ते पत्र. पाणी दिलं तर आधी पत्र माझ्यासमोर ठेवलं, मग पाणी प्याली.

“मी बिलासपूरला गेली होती, ताई,” ती म्हणाली. “तिथं फळ्यावर माझा नंबरच नाही. परत येऊन इथं पाहिलं, तर माझा नंबर जबलपूरलाच होता.”

तिचं केंद्र तिच्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवरची शाळा होती. ती मदन महल स्टेशनापलीकडे राहायची. कार्यालयातल्या बाबूने यादी पाहून तिला सांगितलं होतं की आमच्याकडे जबलपूरच लिहिलं आहे, पत्र ओमतीला छापतात, चूक त्यांची असेल तर त्यांच्याकडून लेखी आणा, जल्दी लाओ. तिचं वय पुढच्या महिन्यात मर्यादेबाहेर जाणार होतं. पुढची भरती निघाली तरी तिला अर्ज करता येणार नव्हता. आणि त्या नोकरीबरोबर वसतिगृहातच राहायला खोली मिळते, हे तिने मला दोनदा सांगितलं. नवऱ्याला सोडून ती सहा वर्षं भावाकडे राहत होती.

मी पत्र हातात घेतलं. पिता किंवा पतीच्या नावापुढे छापलं होतं: घर नंबर आणि मदन महल. पत्त्यापुढे जबलपूर. शहरापुढे नुसता ०४ हा आकडा. आणि केंद्र बिलासपूर. पोस्टमनला काही अडचण आली नसणार. नाव, मोहल्ला, जबलपूर चार, सगळं होतं, फक्त एकेक पायरी वर सरकलेलं.

मी विचारलं, वडिलांच्या नावाच्या जागी घर नंबर पाहून तुम्हाला काही वाटलं नाही?

“वाटलं ना,” ती म्हणाली. “पण त्या रकान्यात माझं नेहमीच काही ना काही होते. फॉर्म भरताना मी बाबांचं नाव लिहिलं, तर खिडकीवरच्या भैयानं खोडलं. म्हणे शादीशुदा हो, पती का लिखो. मी त्याचं लिहिलं नाही. तसंच ठेवलं. मग पत्र आलं तर मी म्हटलं, यांनी घर नंबर टाकला असन. चलो, त्याचं नाव तर नाही.”

मी तिला बसवून आत गेले आणि फाइल उघडली. तिची ओळ सापडायला मिनिटही लागलं नाही. तिच्या नावानंतर दोन उभ्या रेघा एकमेकींना चिकटून होत्या. मध्ये काही नव्हतं.

आता त्या अवजाराची खोड सांगते. दोन खुणा शेजारी शेजारी आल्या, की स्ट्रटॉक त्यांना एकच खूण समजतं. मधला रिकामा रकाना त्याच्या लेखी नाहीच. ते पुढच्या भरलेल्या तुकड्याकडे जातं आणि तोच हातात देतं. म्हणून शोभाच्या ओळीतून सहाऐवजी पाचच तुकडे निघाले. पत्ता पिता किंवा पतीच्या नावाच्या खणात गेला, शहर पत्त्याच्या, केंद्राचा आकडा शहराच्या, आणि केंद्राच्या खणात टाकायला काही उरलंच नाही. त्यावर माझी स्वतःची भर अशी की, तुकडा मिळाला तरच खण भर, नाहीतर हात लावू नकोस, असं मी प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं. प्रोग्राम मध्येच बंद पडू नये म्हणून घेतलेली ती खबरदारी होती आणि मला तिचा अभिमान होता. त्यामुळे केंद्राच्या खणात तिच्या आधीच्या उमेदवाराचा आकडा तसाच पडून राहिला. तो बिलासपूरचा होता.

ही खोड मला माहीत नव्हती असं नाही. पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेली आहे, मी वाचली होती, मुलींना शिकवलीही होती. पण तीन वर्षांत एकदाही आडवी आली नाही, कारण तीन वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता. काका प्रत्येकात हिरव्या शाईने एक शब्द भरत होते. माझा प्रोग्राम त्या शब्दावर उभा होता आणि तो शब्द मी स्वतः काढायला लावला होता.

मी बाहेर आले. काका शोभाशी बोलत बसले होते. त्यांना तिच्या मामांचं गाव माहीत निघालं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, मी सांगितलं होतं. ते तसं काही म्हणाले नाहीत.

“आधी त्या बाईले कागद द्या, ताई.”

म्हटलं, काका, नेमकं काय झालं, किती जणांचं झालं, हे पाहिल्याशिवाय कागदावर लिहू काय?

“लिहा, चूक आमची हाये. एवढंच लिहा. कारण मागून कळवू. मशीन कुठं पळून जाऊन राहिली?”

मी दुबेजींकडे गेले. त्यांनी दार लोटून घेतलं. लेखी देणं म्हणजे आपणच आपली मान पुढे करणं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वर्षीचं काम जाईल, बाकीचे पन्नास लोक वकील घेऊन येतील. मग ते नरमाईने म्हणाले, “पहले पूरी जाँच कर लो, सुषमाजी. कितने हैं, क्या हुआ, सब लिस्ट बनाओ. फिर देखेंगे.”

हा लेख वाचून कुणी म्हणेल मालकाने अडवलं. अडवलं नाही. त्यांनी मला यादी करायला सांगितली, आणि यादी करायला मला कधीही आवडतं. मी शोभाला म्हटलं, आम्ही तपास करतो, मग कळवतो. तिने विचारलं, कधी? लवकर पाहिजे म्हणतात. मी म्हटलं, लवकरच. लवकर म्हणजे नेमकं कधीपर्यंत, हे मी तिला विचारलं नाही आणि कार्यालयात फोन करूनही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी वहीत सहा कामं लिहिली. एक, चूक नक्की करणे. दोन, प्रोग्राम दुरुस्त करणे. तीन, बाधित ओळी काढणे. चार, मागची तीन वर्षांची कामं तपासणे. पाच, दुबेजींना अहवाल. सहा, कार्यालयाला पत्र. मी ती याच क्रमाने केली.

पहिली दोन दुसऱ्या दिवशी सकाळीच झाली. स्ट्रटॉक काढून टाकलं आणि त्याजागी स्वतःचं फंक्शन, म्हणजे तसंच एक अवजार, लिहिलं. ते ओळीतून एकेक अक्षर चालत जातं, रेघ आली की रकाना संपला असं मानतं, मग मध्ये काही असो वा नसो. रिकामा असेल तर रिकामा म्हणून हातात देतं. आणि प्रत्येक ओळीआधी सगळे खण पुसून घेतं. दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी बाधित ओळी काढल्या. एकतीस निघाल्या. दोन सोडून सगळ्या बायका. त्यांतल्या बावीस जणांच्या आधीच्या उमेदवाराचं केंद्र योगायोगाने तेच होतं, म्हणून त्या बरोबर ठिकाणी पोहोचल्या असणार. नऊ जणी चुकीच्या गावी गेल्या होत्या.

चौथं काम लांबलं. मागची कामं फ्लॉप्यांवर होती, दोन दिवस वीज जात-येत राहिली, आणि तिथे काही निघालं नाही, निघणारच नव्हतं. काका रोज सकाळी फॉर्मांचा गठ्ठा सोडताना माझ्याकडे पाहायचे. एकदा विचारलं, दिला का कागद? म्हटलं, आज-उद्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सातव्या दिवशी अहवाल दुबेजींसमोर ठेवला. आकडा नऊच आहे हे पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी सही केली. आठव्या दिवशी मी स्वतः पत्र घेऊन कार्यालयात गेले. तीन परिच्छेद, सोबत तक्ता, चुकीचं कारण, दुरुस्तीचा तपशील, नऊ नावं. इतकं नेटकं पत्र मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

तिथले साहेब निवृत्तीला आलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं. तक्तासुद्धा पाहिला. मग पेपरवेट त्यावर ठेवून म्हणाले, “मैडम, एक सेंटर की परीक्षा परसों यहीं दोबारा हुई. ये नौ भी बैठ जातीं. इतना बड़ा लिखने की ज़रूरत नहीं थी. दो लाइन काफ़ी थीं.”

मी विचारलं, आता काही होईल का? ते म्हणाले, उत्तरपत्रिका सील होऊन भोपाळला गेल्या.

परत येताना मी टेंपोत न बसता चालत आले. ऑफिसात काकांना सांगितलं. ते हातातला फॉर्म पूर्ण तपासून झाल्यावर म्हणाले, “बाकी आठ जणींले पोस्टकार्ड तरी टाका.” मी टाकली. दोन परत आली, सहांचं काहीच उत्तर आलं नाही. त्या नऊ जणींपैकी माझ्या दारापर्यंत आली ती एकटी शोभा. बाकीच्यांनी कदाचित असं धरलं असेल की सरकारी कागदात असं होतंच. किंवा चूक आपलीच, आपणच नीट वाचलं नाही. त्या कुठे आहेत, त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. त्यांची नावं मला आजही पाठ आहेत.

शोभाला पोस्टकार्ड टाकणं मला जमलं नाही. रविवारी तिच्या घरी गेले. मदन महल स्टेशनाच्या पलीकडे, दोन खोल्या, पुढे सिमेंटची टाकी. आई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. भाऊ खमरियाला कामाला, रविवार म्हणून घरी होता. त्याला मराठी कळतं, बोलतो हिंदी. मी कोण ते कळल्यावर त्याने खुर्ची पुढे केली आणि हसून म्हणाला, “अच्छा, तो आपने भेजा था हमारी मैडम को बिलासपुर घूमने.”

शोभाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी तिला कार्यालयात काय झालं ते सांगितलं. परवाची परीक्षा, आठवा दिवस, सगळं. माझ्यामुळे उशीर झाला हेही सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा बोलेल काहीतरी, आणि दोन्हींसाठी मी तयारी करून गेले होते. तिने फक्त विचारलं, “म्हणजे आता नाहीच.”

म्हटलं, नाही.

मग ती उठून मला बाहेर टाकीजवळ घेऊन आली. तिथे तिने जे सांगितलं ते मला आधी सुचलंही नव्हतं. तिचा नवरा बिलासपूरकडचा. ती परीक्षेला म्हणून एकटी गाडीत बसली, बिलासपूरला गेली आणि परीक्षा न देता परत आली. घरात कुणाला पटेना. भावाने चौकशी केली तर कार्यालयातून कळलं, हिचं केंद्र तर जबलपूर होतं. तेव्हापासून भाऊ आणि वहिनी धरून होते की परीक्षेचं निमित्त होतं, ही नवऱ्याला भेटायला गेली होती, त्याने उभं केलं नाही म्हणून परत आली. पत्र दाखवलं, तर भाऊ म्हणाला, यात बापाच्या जागी घर नंबर आहे, असं पत्र कोणतं ऑफिस छापतं, कुठून बनवून आणलं?

“ताई, तुम्ही मले लिहून द्या,” ती म्हणाली. “नोकरीसाठी नाही. घरी दाखवायला. मी सहा वर्षांत एकदा त्या गावाला गेली, ती तुमच्या कागदानं गेली.”

मी आत आले आणि पर्समधली वही काढली. चुकांची नव्हे, सामानाच्या यादीची होती, तीच हाताशी होती. एक पान फाडलं. मराठीत सुरुवात केली, तर शोभा म्हणाली, हिंदीत लिहा, त्याले वाचता आलं पाहिजे. मी हिंदीत लिहिलं. शोभा डोंगरे को परीक्षा का ग़लत केंद्र हमारे दफ़्तर की ग़लती से भेजा गया. वे हमारे पत्र के अनुसार ही बिलासपुर गईं. इसमें उनकी कोई ग़लती नहीं है. खाली सही केली, नाव, ऑफिसचा पत्ता. दुबेजींना विचारलं नाही. लिहायला तीन मिनिटं लागली.

भावाने कागद घेतला आणि उभ्याने वाचला. पहिल्यांदा भरभर, दुसऱ्यांदा हळू. माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं नाही. मग कागद माझ्यापुढे परत धरून म्हणाला, “इसमें तारीख डाल दीजिए.” मी तारीख टाकली. तो आत गेला आणि वहिनीला चहा ठेवायला सांगितल्याचं ऐकू आलं.

आई इतका वेळ आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला विचारलं, “सही झाली ना बाई? मग आता हिची परीक्षा होईल?”

मी उत्तर द्यायच्या आत शोभा म्हणाली, “नाही आई. हा कागद घरचा आहे.”

भिंतीवर खिळ्याला दोन पिशव्या होत्या. एक तिने ऑफिसात आणली होती तीच प्लॅस्टिकची, तिच्यात तिची प्रमाणपत्रं. तिने दुसरी काढली, कापडी, तिच्यात राशन कार्ड आणि विजेची बिलं होती. कागदाची घडी करून त्यांच्यात ठेवली, पिशवीची नाडी ओढली आणि ती परत खिळ्याला अडकवली.